मास्तरचा गिअर

परवा मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटरवर उभा होतो. शेजारी एक चकचकीत गाडी. सिग्नलवर लाल आकडे उलटे पळत होते, अजून साठ शिल्लक, आणि हा पठ्ठ्या आत बसून ॲक्सिलेटरवर पाय आपटतोय. घों... घों... घों... मी काच ठोठावली. काच खाली आली. म्हटलं, "बाळा, गाडी उभी आहे. निघालायस कुठं?"

"काका, तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

"मला नाकाचा प्रॉब्लेम आहे. तुझं डिझेल माझ्या नाकात येतंय."

त्यानं काच वर केली. हिरवा दिवा लागल्यावर गाडी अशी उधळली की मागचे दोन रिक्षावाले दचकले. पुढच्या सिग्नलला कचकन ब्रेक मारून साहेब उभे. मी रमतगमत गेलो आणि पुन्हा त्याच्याच शेजारी जाऊन थांबलो. या वेळी त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माझी बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी लोकांच्या पायांकडं बघणं सोडा. नाही सुटत. आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांची एक कंपनी होती, अजून आहे. तिथं आधी मी ड्रायव्हर होतो, मग ड्रायव्हरांचा मास्तर झालो. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसायचं आणि त्याचा पाय बघायचा. पाय किती दाबतो, कधी उचलतो, ब्रेकवर किती वेळा जातो. गाडीचं ॲव्हरेज टाकीत नसतं, इंजिनातही अर्धंच असतं. बाकीचं सगळं ड्रायव्हरच्या उजव्या पायात.

मी खिशात चिंचोके घेऊन बसायचो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. फेरी संपली की ते सगळे त्याच्या ओंजळीत ओतायचे आणि म्हणायचं, "हे घे. एवढ्या वेळा तू डिझेल रस्त्यावर ओतलंस." कारण बघा, गाडी वेगात आणायला डिझेल जळतं. ब्रेक मारला की तो वेग मेला, म्हणजे ते डिझेल फुकट गेलं. पुन्हा वेग घ्यायला पुन्हा जाळा. समोरच्या गाडीच्या ढुंगणाला चिकटून चालवणाऱ्याला दर पन्नास पावलांवर ब्रेक मारावाच लागतो. चार गाड्यांचं अंतर ठेवा, पुढचा सिग्नल लांबून बघा, पाय आधीच उचला. द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत निम्मे ब्रेक वाचतात. एवढी साधी गोष्ट! पण अंतर ठेवलं की मध्ये दुसरा घुसतो, आणि दुसरा पुढं गेला की आपल्या माणसाला घरातलं कुणी गेल्याचं दुःख होतं.

सटाण्याचा एक ड्रायव्हर होता आमच्याकडं. हाताला चांगला, पण सदान् कदा उडत असायचा. काही बोललं की एकच उत्तर, "घाई शे, मास्तर!" एकदा सटाण्याला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं, दोन बस सारख्याच, एकाच वर्षाच्या. मी मुद्दाम एक त्याला दिली आणि दुसरी आमच्याच किसन नावाच्या ड्रायव्हरला. दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. मोकळा रस्ता दिसला की सटाणेकर ऐंशीवर, पुढं गाव किंवा ट्रक आला की कचकन ब्रेक; किसन पंचावन्नच्या वर गेला नाही. मी सटाणेकराच्या शेजारी होतो, मुठी आवळून. सटाण्यात पोचलो, चहा सांगितला. कप अर्धा झाला नाही तोच किसनची बस दारात. एवढीच कमाई! आणि परत आल्यावर टाक्या भरल्या, तेव्हा सटाणेकराच्या टाकीत किसनच्यापेक्षा एक अख्खा कॅन जास्त गेला. म्हटलं, "अर्ध्या कप चहासाठी कॅनभर डिझेल प्यायलास." तो हसला. पालथ्या घड्यावर पाणी.

वाऱ्याचं गणित लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. पन्नास-पंचावन्नला गाडी वारा कापत जाते. ऐंशीला ती वाऱ्याशी कुस्ती खेळते, आणि पैलवानाचा खुराक टाकीतून जातो. त्यात वर पाय एकदम दाबायचा. डिझेल भसकन आत येतं, हवा तेवढी येत नाही, मग अर्धवट जळलेलं मागून काळं बाहेर पडतं. नव्या गाड्यांचा धूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक खूश. अरे, जळलेला प्रत्येक थेंब शेवटी हवेतच जातो ना? माझी भावजय मखमलाबाद रोडला रस्त्याच्या कडेला भाजी विकायला बसते. स्वतःच्या शेतातला पांढराशुभ्र फ्लॉवर सकाळी मांडते आणि दुपारी ओल्या फडक्यानं पुसते. तिच्या छातीचं कोण पुसणार, हे मी त्या घों घों करणाऱ्याला विचारायला हवं होतं.

आता किसनबद्दल सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय. बाकीचं मी अजून पन्नास पानं बडबडेन, रागाला तोटा नाही. पण खरा राग कुणाचा, ते सांगायलाच हवं.

किसन भोये हरसूलकडचा. माझ्या हाताखाली शिकला, तेव्हा त्याला मिशी नीट फुटली नव्हती. हे घडलं तेव्हा त्याची मुलगी कॉलेजात होती. एवढा हलका पाय मी दुसरा बघितला नाही. त्याच्या बसमध्ये पहिल्या पाळीच्या बाया झोपून जायच्या आणि कारखान्याच्या गेटवर त्यांना उठवावं लागायचं. हरसूलच्या आसपासच्या गावांतून बाया सातपूरला आणायच्या आणि संध्याकाळी परत सोडायच्या, हा त्याचा रूट. सकाळी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा.

आणि उतरताना तो माझा गिअर टाकायचा.

'मास्तरचा गिअर' हे नाव ड्रायव्हरांनीच पाडलं होतं. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे कुठलाच गिअर ठेवायचा नाही. इंजिन आपलं मंद गुरगुरत राहतं, गाडी वजनानंच खाली घरंगळते. डिझेल वाचतं, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं, मी पुढं साऱ्यांना शिकवलं. दोन पिढ्या ड्रायव्हर माझ्या नावानं न्यूट्रल टाकत होत्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या मालकांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. त्यांनी आवारात एक फळा लावला होता. दर महिन्याला कुणाच्या गाडीचं ॲव्हरेज किती, ते त्यावर लिहिलं जायचं. आणि वर्षभरात जो पहिला येईल, त्याच्या बायकोनं दसऱ्याला आवारातली पहिली गाडी ओवाळायची. नवी साडी नेसून, सगळ्या ड्रायव्हरांच्या कुटुंबांदेखत. बक्षिसापेक्षा या मानाला भाव होता. किसनची यमुना लागोपाठ तीन दसरे ओवाळत होती. भाऊसाहेबांना काय, ओवाळणीच्या एका ताटात डिझेलची सगळी बचत होत होती. ड्रायव्हर एकमेकांच्या उरावर बसून थेंब थेंब वाचवत होते, आणि कशानं वाचतंय हे कुणी विचारत नव्हतं.

मग नव्या गाड्या आल्या. गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं आम्हा मास्तर लोकांना एका दिवसाच्या शिकवणीला बोलावलं. शिकवायला माझ्या मुलीच्या वयाची इंजिनिअर पोरगी. विल्होळीच्या उतारावर गाडी नेली, लॅपटॉप जोडला. म्हणाली, "काका, गिअर राहू दे, फक्त ॲक्सिलेटरवरचा पाय काढा." पाय काढला. पडद्यावर डिझेलचा आकडा शून्य. "आता न्यूट्रल करा." न्यूट्रल केलं, आकडा वर आला. मी पुन्हा गिअर टाकला. शून्य. पुन्हा न्यूट्रल. आकडा वर. चार वेळा केलं. पोरगी हसायला लागली.

"गिअरमध्ये असताना उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, काका. मग डिझेल कशाला लागेल? नळच बंद होतो. न्यूट्रल केलं की चाकांची मदत सुटते, इंजिनाला जिवंत राहायला डिझेल प्यावंच लागतं."

मी विचारलं, "आणि जुन्या गाड्यांत?"

"घाट उतरताना त्यांतही फारसं काही वाचत नव्हतं. आणि गिअर नसला की सगळा भार एकट्या ब्रेकवर. ते तापले की संपलं."

मी मान हलवली, नाश्ता केला, सर्टिफिकेट घेऊन घरी आलो. स्कूटरवरून येताना मनात हिशोब मांडत होतो. म्हणजे किसनचं ॲव्हरेज माझ्या गिअरमुळं नव्हतंच. ते त्याच्या पायामुळं होतं. माझ्या गिअरनं उलट त्यातलं थोडं खाल्लंच असेल.

दुसऱ्या दिवशी आवारात सगळ्या ड्रायव्हरांना बसवलं. टायरमधली हवा सांगितली, वेग सांगितला, चहाला थांबलात तर इंजिन बंद करा हे सांगितलं. किसन पहिल्या रांगेत बसला होता, वहीत लिहून घेत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तुमच्या गिअरचं काय म्हणाले नव्या गाडीवाले?" सगळे हसले. किसनही हसला.

आणि मी म्हणालो, "त्यात थोडं बदललंय. दसरा होऊन जाऊ दे, निवांत सांगतो."

हे वाक्य मी किती वेळा गिळायचा प्रयत्न केलाय! दसऱ्याला पंधरा दिवस होते. मला वाटलं, फळ्यावर किसन पहिला आहे, यमुना ओवाळणार आहे, आत्ताच कशाला सगळ्यांसमोर म्हणायचं की मास्तरनं आयुष्यभर चुकीचं शिकवलं? दुसऱ्याच्या काळजीचा आव आणला. खरी काळजी माझ्या नाकाची होती.

चार दिवसांनी संध्याकाळी साडेपाचला फोन आला. किसनची बस घाटात धडकली.

मी पोचलो तेव्हा बस डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात तोंड खुपसून उभी होती. बाया रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. एकीचं मनगट मोडलं होतं, एकीच्या तोंडातून रक्त येत होतं, दोन दात गेले होते. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार लागला. जीव कुणाचा गेला नाही. ते केवळ किसनमुळं.

त्या दात गेलेल्या बाईनं, सोनाबाई तिचं नाव, पदर तोंडाला लावून मला सांगितलं, "करपल्याचा वास आला. मंग किसनदादा वरडला, ब्रेक लागत नाय, खाली बसा, घट धरा. गिअर टाकाया बघत व्हता, नुसतं करकर वाजत व्हतं. दरीकडं नाय जाऊ दिली त्यानं. डोंगरावर घातली."

पुढं रस्त्यात गुरं आली होती. गाडी न्यूट्रलमध्ये, वेग वाढत गेला, ब्रेक पुन्हा पुन्हा मारून त्याचे लायनर तापले, आणि एकदा वेग चढला की गिअर पडत नाही. माझ्या गिअरनं व्हायचं ते सगळं एका वळणात झालं. चाकांजवळ गेलो तर ब्रेकच्या ड्रममधून अजून धूर येत होता.

किसनच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "मास्तर, सोनाबाईचे दात बसवता येतील का?"

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर प्रशिक्षणाचं रजिस्टर उघडं होतं. माझ्या त्या बैठकीचं पान. त्यात कारकुनाच्या अक्षरात एक ओळ नव्यानं घातलेली: 'उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, अशी सक्त सूचना सर्व चालकांना देण्यात आली.' शाई वेगळी दिसत होती.

भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकून आला होतात ना? मग सांगितलंच असणार."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, एवढंच राहिलं होतं."

"राहिलं होतं म्हणजे? बघा, कारखान्याचे लोक विचारणार, पोलीस विचारणार. सूचना दिली नव्हती, तर चूक कंपनीची, आणि कंपनीत कुणाची, तर शिकवणाऱ्याची. सूचना दिली होती, तर ड्रायव्हरची. तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. विचार करा."

विचार कसला करतोय! पेन माझ्याच खिशात होतं. मी सही केली. फळा लावून ड्रायव्हरांना थेंबासाठी झुंजवणाऱ्या माणसाचा मला राग यायला हवा होता, आला नाही. मला नुसती भीती वाटली. राग नंतर आला, आणि मग तो जायचं नाव घेईना.

चौकशी ऑफिसातच झाली. कारखान्याचे दोन साहेब, आमचे भाऊसाहेब, मी, आणि गळ्यात हात बांधलेला किसन. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मनाशी ठरवलं होतं की किसन म्हणेल, मास्तरांनीच शिकवलं. मग मी मान्य करीन. म्हणजे खरं बोलण्याचं कामसुद्धा मी त्याच्यावरच टाकलं होतं. वा रे मास्तर!

साहेबांनी विचारलं, "उतारावर न्यूट्रल करायचं नाही, हे तुम्हाला सांगितलं होतं का?"

किसननं माझ्याकडं बघितलं. रजिस्टरकडं बघितलं. मग म्हणाला, "हो साहेब. मास्तरांनी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाय."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर फळ्यावर त्याचं नाव अजून सगळ्यात वर होतं. त्याची नोकरी गेली, पुढं लायसन्सही गेलं. दसऱ्याला दुसऱ्याच कुणाच्या बायकोनं गाडी ओवाळली, आणि मी तिथं पेढा खाल्ला.

त्यानंतर मात्र मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं. न्यूट्रल दिसलं की लिव्हरवरच्या हातावर चापट मारायचो. आवारात सगळे म्हणायचे, किसनचं झाल्यापासून मास्तर फार तापट झालेत. निवृत्त झाल्यावर भाऊसाहेबांकडं जाऊन म्हटलं, ती ओळ खोटी आहे, मला लिहून द्यायचंय. ते म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, मास्तर. चहा घ्या." मी चहा घेतला नाही. एवढाच माझा पराक्रम. म्हणून इथं लिहितो: त्या रजिस्टरवरची माझी सही खोटी आहे. किसन भोयेला मी काहीही सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात हरसूलच्या बाजाराला गेलो. जायला मला इतकी वर्षं लागली. किसन आणि यमुना नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई घेऊन बसले होते. मला बघून तो उठला, शेजारच्यांना सांगू लागला, "हे आमचे मास्तर. यांनीच मला घडवला." त्यानं गोणी झटकून मला बसायला जागा केली. यमुनेनं चहा सांगितला. माझ्याकडं न बघता ती वरई निवडायला लागली.

मी विचारलं, "किसन, त्या दिवशी तू खोटं का बोललास?"

तो एका म्हातारीला नागली मोजून देत होता. ते पुरं केलं, तिची पिशवी बांधून दिली.

"खोटं कसलं, मास्तर?"

"मी सांगितलं होतं म्हणालास. मी नव्हतं सांगितलं. तुला ठाऊक होतं."

"जाऊ द्या ना. तुमचं वय, तुमचं नाव. आणि समजा, सांगितलं असतं तुम्ही. तर मी ऐकलं असतं का? वीस वर्सांची सवय. नसतं ऐकलं. मग सांगितलं काय न् नाय सांगितलं काय, सारखंच."

त्यानं ते इतकं सहज म्हटलं की मला क्षणभर वाटलं, असेलही. माणूस किती चटकन मोकळा व्हायला तयार असतो!

यमुनेनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"ऐकलं असतं," ती म्हणाली. "तुमचा एक शब्द यांनी कधी खाली पडू दिला नाय."

किसन पुढच्या गिऱ्हाइकाची नागली मोजायला लागला. तिचं म्हणणं त्यानं खोडून काढलं नाही.